मुरलेलं माप

कुणी फडकं घेऊन तळघराचा जिना उतरायला लागलं, की ऑरिन हॉगलंडचं डोकं फिरायचं. त्याची बायको मार्वा हे चाळीस वर्षांपासून ओळखून होती. ती जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच जेवायला हाक मारायची आणि तिथूनच माघारी वळायची. वरचं घर तिचं, खालचं तळघर त्याचं. वरच्या घरात चमचासुद्धा जागचा हलायचा नाही. खालच्याबद्दल न बोललेलंच बरं.

तळघरात ऑरिन काडतुसं भरायचा. मोन्टानातल्या त्यांच्या गावात निम्मे म्हातारे भरतात. गोळी झाडून झाली की रिकामी पितळी पुंगळी उचलून खिशात टाकायची, घरी आणून पुसायची, तेल लावून साच्यात दाबून मापात आणायची, बुडाला नवी ठिणगीची टोपी ठोकायची, आत बंदुकीची दारू मोजून घालायची आणि वर नवी गोळी बसवायची. दुकानात तयार काडतुसं मिळतात की! पण दुकानातली काडतुसं आणणं म्हणजे घरी बायको स्वयंपाक करत असताना हॉटेलात जेवणं, असं ऑरिनचं मत होतं आणि ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

दर ऑक्टोबरात एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सांबराच्या, शिकारीचा मोसम उघडायच्या आधी तो लेकाला वीस काडतुसांचा डबा द्यायचा. डब्यावर कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव आणि साल. लीफला बाराव्या वर्षापासून हा डबा मिळत होता. आता लीफ अडतीस वर्षांचा, केस पिकायला लागले, तरी डबा घेताना तो दोन्ही हातांनी घ्यायचा. ऑरिन एकाहत्तरचा. बत्तीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवून निवृत्त झालेला माणूस. त्याला वर्षातून एकदा कुणाला काही द्यायचं असेल, तर ते हेच.

यंदा सुनेनंही शिकारीचा परवाना काढला. जेनेल तिचं नाव. गावातल्या दाताच्या दवाखान्यात लोकांचे दात घासून स्वच्छ करायची नोकरी. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात डोकावायची सवय, म्हणून तिला कुठंही चिकटलेलं, साठलेलं काही दिसलं की राहवायचं नाही. ऑरिन तिला कधी नावानं हाक मारायचा नाही, 'दातवाल्या बाई' म्हणायचा.

लीफचा डबा त्यानं वेळेत भरला होता. जेनेलच्या डब्याआधीच त्याची बोटं सुजली. संधिवाताचं दुखणं; साच्याचा दांडा वर-खाली करताना कळ थेट खांद्यापर्यंत जायची.

"मग माझी मी भरते," जेनेल म्हणाली होती. "तुम्ही खुर्चीत बसून नुसतं सांगा. शिकून तरी होईल."

शुक्रवारी सकाळी आठला लीफ आणि त्याचा मित्र गस डोंगराकडे निघाले. तंबू ठोकायचा, चूल बसवायची, बंदुकीचा नेम तपासायचा आणि शनिवारी पहाटे मोसम उघडला की पहिल्या उजेडात डोंगर चढायचा. जेनेल रविवारी जाऊन मिळणार होती. दवाखाना अर्धा दिवस होता. बाराच्या सुमाराला ती तळघराचा जिना उतरली. हातात बादली, बादलीत फडकी, ब्रश आणि आणखी कसली कसली पुडकी.

"हे काय?" ऑरिन खुर्चीतूनच गुरगुरला.

"आधी टेबल आवरते, मग भरू."

"टेबलाला काय झालंय?"

जेनेलनं टेबलाकडे पाहिलं. दारूचे तीन डबे, तिन्हींची झाकणं उघडी. सांडलेले दाणे. जुन्या टोप्यांची काळी राख. आणि त्या सगळ्याच्या मधोमध कॉफीचा मग, शेजारी ताटलीत अर्धं खाल्लेलं बिस्किट.

"ऑरिन, ही राख शिशाची आहे. तुम्ही ती कॉफीबरोबर पिताय."

"चाळीस वर्षं पितोय. मेलो का?"

"अजून नाही," म्हणत तिनं मग आणि ताटली उचलून जिन्यावर ठेवली. मग दोन डबे झाकणं लावून कपाटात टाकले. "टेबलावर एका वेळी एकच दारू. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. मी वाचून आलेय."

"पुस्तकं वाचून आलीये म्हणे! अगं, मला डोळे बांधले तरी कुठल्या डब्यात काय आहे ते सांगेन."

"तुमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डोळे अर्धे बांधलेलेच आहेत."

वरून मार्वाचं हसू ऐकू आलं. म्हणजे ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती तर! ऑरिननं दातओठ खाल्ले. पुसू दे टेबल. टेबल पुसल्यानं काही बिघडत नाही. पण तिनं दारूच्या मापयंत्राला हात लावला मात्र, आणि तो खुर्चीतून उठलाच.

"त्याला नाही! त्याला अजिबात नाही!"

हे यंत्र टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेलं होतं. वर दारू ओतायचं नळकांडं, मधे फिरणारं बिडाचं माप, बाजूला दांडा, खाली करंगळीएवढी नळी. दांडा वर केला की माप भरतं, खाली ओढला की नळीतून पुंगळीत पडतं. घेतल्यापासून ऑरिननं ते एकदाही धुतलं नव्हतं. आळस म्हणून नव्हे हं, तत्त्व म्हणून. दारूच्या दाण्यांना शिसपेन्सिलीसारखा काळा लेप असतो. तो यंत्राला आतून बसला की दाणे अडकत नाहीत, माप सारखं पडतं. ही गोष्ट खरीच आहे, पुस्तकातही आहे. फक्त पुस्तकात लिहिलंय की नव्या यंत्राला थोडा लेप बसू द्या, आणि ऑरिननं त्याचा अर्थ लावला की जन्मात पुसू नका.

"हे मुरलेलं माप आहे," तो म्हणाला. "मार्वाचा बिडाचा तवा पाहिलास ना? त्याला साबण लावलास तर ती तुला घराबाहेर काढेल. तसंच आहे हे."

"तव्याला चिकटलं तर फार तर एक धिरडं फाटतं," जेनेल म्हणाली. "मी साबण लावत नाही. वरचं माप तुमचं राहू दे मुरलेलं. पण ही खालची नळी? हिच्यात काय मुरतं?"

आता नळीत मुरण्यासारखं काही नसतं हे ऑरिनलाही माहीत होतं. पण माघार घ्यायची कशी? "बघ काय हवं ते," असं पुटपुटून तो खाली बसला.

जेनेलनं बादलीतून दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश काढला, वाकून नळीच्या खालच्या तोंडातून वर सारला आणि गोल फिरवला. ब्रश बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकाला काळपट, तेलकट गोळा चिकटला होता. वाटाण्याएवढा. त्यात दारूचे बारीक बारीक दाणे रुतून बसलेले. तिनं पुन्हा ब्रश घातला. आणखी निघालं.

"शी!" ती म्हणाली. "असंच असतं का हे? नेहमी?"

खरंच विचारत होती ती. तिला काय कळणार? पहिलाच दिवस तिचा. ऑरिन 'हो' म्हणाला असता तर तिनं तो गोळा फडक्याला पुसला असता, बादलीत टाकला असता आणि पुढच्या कामाला लागली असती.

ऑरिननं तो गोळा तिच्या हातातून घेतला. बोटांत चोळला. तेल. यंदा बोटं दुखतात म्हणून त्यानं पुंगळ्यांना नवं, जास्त निसरडं तेल लावलं होतं, साच्याचा दांडा हलका चालावा म्हणून. आणि नंतर पुंगळ्या आतून पुसायचा कंटाळा केला होता. पुंगळीचं तोंड नळीला टेकायचं, तेल नळीला लागायचं, तेलाला दाणे चिकटायचे. असे दाणे साठत साठत गेले की नळी मधेच तुंबते. एका पुंगळीत दारू अर्धीमुर्धी पडते, आणि अडकलेली सगळी पुढच्या पुंगळीत जाते, तिच्या स्वतःच्या मापावर. एक उपाशी, दुसरी ठासून भरलेली. दर दहावं काडतूस तो काट्यावर तोलायचा. मधल्या नऊंचं काय?

लीफचा डबा याच नळीतून भरलेला होता.

'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो? म्हाताऱ्याच्या मनात ते येऊन गेलं, खोटं कशाला बोला. चाळीस वर्षांची अब्रू होती. पण लेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि बंदुकीचा घोडा त्या चेहऱ्याच्या किती जवळ असतो तेही आठवलं.

"नाही," तो म्हणाला. "असं नसतं. पोरी, हे फार वाईट झालंय."

लीफला वीस दिल्यावर त्याच घाण्यातली सहा काडतुसं उरली होती. ऑरिननं ती काढली. गोळी उपसायची एक पोकळ हातोडी असते. काडतूस तिच्यात अडकवून जमिनीवर आपटलं की गोळी आणि दारू सुटून आत पडतात. त्याच्या बोटांनी ते होईना, म्हणून जेनेलनं आपटलं आणि त्यानं काट्यावर तोललं. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. तिसऱ्यात दारू चांगलीच कमी. चौथ्यात इतकी जास्त की काट्याची दांडी वर गेली ती खाली येईना.

"हे झाडलं असतं तर?" जेनेलनं विचारलं.

"बंदूक फुटते."

"आणि माणूस?"

उत्तराची वाट न बघता तिनं फोन काढला, लीफला लावला. लागला नाही. गसला लावला. तिकडे डोंगरात रेंज कुठून असणार?

"ते पहाटे झाडणार ना? अजून वेळ आहे."

"नेम," ऑरिन म्हणाला. "तंबू-चूल लावून झाली की नेम तपासतात. दोनतीन गोळ्या. आजच, उजेड आहे तोवर."

मार्वा तोवर जिना उतरून खाली आली होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. "निघा तुम्ही," ती म्हणाली. "मी फोन लावत बसते. जा."

काटा, हातोडी आणि फडकं एका खोक्यात टाकून दोघं निघाले. जेनेल गाडी चालवत होती. दोन तासांचा रस्ता, त्यातला निम्मा कच्चा. अर्ध्या तासानं ऑरिनला राहवेना.

"माझीच चूक आहे. मी तुला हात लावू देत नव्हतो. मी..."

"ऑरिन, आत्ता नको. मला रडू आलं तर रस्ता दिसायचा नाही."

दोन-तीन मैलांनी तीच बोलली. "माझ्याकडे रोज येतात हो तुमच्यासारखे. 'बाई, त्या दाताला नका हात लावू, तो तसाच आहे, वर्षानुवर्षं टिकलाय.' आणि हात लावला की दात हातात येतो." हे बोलताना ती हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलंच. तिनं बाहीनं पुसलं आणि गाडीचा वेग वाढवला.

डोंगराच्या पायथ्याशी गुराढोरांसाठी घातलेलं तारेचं फाटक लागलं. शेजारी बसलेल्यानं उतरून फाटक उघडायचं आणि गाडी गेली की लावून घ्यायचं, हा तिथला रिवाज. फाटक उघडं टाकणाऱ्याला त्या भागात माणसात धरत नाहीत. ऑरिन उतरला, सुजलेल्या बोटांनी तारेचा फास सोडवायला लागला. एवढ्यात वरच्या झाडीतून गोळीचा आवाज आला.

तो तसाच उभा राहिला. आवाजानंतर ओरडणं येतं का, म्हणून कान देऊन उभा राहिला. काही आलं नाही. चांगली खूण की वाईट, त्याला कळेना. फास सुटला, फाटक मातीत पडलं, ते तसंच टाकून तो गाडीत चढला. "चल! चल गं, चल!"

वळण पार केल्यावर तंबू दिसला. तंबूपुढच्या मोकळ्या जागेत जमिनीवर पालथा पडलेला लीफ. पालथा पाहून जेनेलच्या तोंडून आवाज फुटला. पण त्याच्या पुढ्यात पिशवी होती, पिशवीवर बंदूक, आणि त्याचा हात घोड्याकडे चालला होता. लांब झाडाला कागदी ताटली टाचलेली. नेम तपासत होता तो. दुसरी गोळी.

"लीफ! थांब! लीफ!" ऑरिननं खिडकीतून अख्खं अंग बाहेर काढून बोंब ठोकली. लीफनं मान वळवली नाही. कानांवर आवाज थोपवणारे जाड कप होते. बापानंच लहानपणी बजावलं होतं ना, कान झाकल्याशिवाय गोळी झाडायची नाही!

जेनेलनं हॉर्नवर तळवा दाबला आणि दाबूनच धरला. गस चुलीसाठी लाकडं फोडत होता, त्याचे कान उघडे होते. त्यानं वर पाहिलं. म्हातारा खिडकीतून दोन्ही हात हलवतोय हे त्याला दिसलं. बाकी काही कळलं नसेल त्याला, पण तो शहाणा माणूस. कुऱ्हाड टाकून तीन ढांगांत लीफपाशी पोचला आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली.

लीफनं घोड्यावरचं बोट काढलं. कप खाली ओढले. "काय रे? अरे, बाबा? तुम्ही इथं कसे?"

"ते काडतूस काढ," ऑरिन म्हणाला. गाडीतून उतरताना त्याचा गुडघा मातीत टेकला, तिथूनच बोलला. "आधी ते बाहेर काढ."

काडतूस बाहेर आलं. जेनेलनं जाऊन नवऱ्याला मिठी मारली, बंदुकीसकट. गस एकदा या तिघांकडे, एकदा कुऱ्हाडीकडे पाहत राहिला.

तंबूच्या आडोशाला, गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर काटा सपाट बसवून त्यांनी डबा तोलायला घेतला. एक झाडलेलं होतं, उरली एकोणीस. बंदुकीतून काढलेलं बरोबर निघालं. लीफ म्हणाला, "बघा, उगाच घाबरलात." पुढचं बरोबर. त्याच्या पुढचंही. अकरावं कमी निघालं. बारावं जेनेलनं आपटलं, ऑरिननं ताटलीत दारू ओतली आणि काट्याची दांडी वर गेली ती वरच राहिली.

लीफनं ते पाहिलं. पहाटे पहिला एल्क दिसल्यावर बंदुकीत नेमकं कुठलं गेलं असतं, हे ज्यानं त्यानं आपापल्या मनात मोजलं.

"बाबा," लीफ हळूच म्हणाला, "दोन तास गाडी हाकत आलात. तुम्ही आला नसता तर..."

"मला नकोत आभार," ऑरिन तडकला. जन्मात जे कधी बोलला नव्हता ते आता तो बोलायला लागला आणि त्याचा आवाज चढतच गेला. "माझं टेबल उकिरडा होता. मी यंत्र पुसत नव्हतो आणि त्याचा टेंभा मिरवत होतो. ही फडकं घेऊन आली तर हिच्या अंगावर धावलो. हिनं ब्रश घातला नसता ना, तर उद्या मी तुझं काय घेऊन घरी गेलो असतो रे? हिचे आभार मान. मी मानतो." तो तिच्याकडे वळला. "जेनेल, मी मानतो. तुझे फार उपकार झाले माझ्यावर. माझा मुलगा आहे हा."

जेनेल मान हलवत होती, नाही नाही म्हणून.

"ऐक," ती लीफला म्हणाली. "मी फक्त घाण काढली. घाण तर मी रोजच काढते. मला काय ठाऊक ते काय आहे? मी यांना विचारलं, असंच असतं का हे? 'हो' म्हणाले असते तर मी फडक्याला पुसून मोकळी झाले असते. कुणाला कधी कळलंही नसतं. हे म्हणाले, नाही."

ऑरिननं खाली मान घातली. 'नाही' म्हणणं त्याला किती जड गेलं ते तिनं पाहिलं होतं तर. तो 'नाही' म्हणायच्या आधी किती वेळ गप्प होता, तेही पाहिलं असणार, आणि त्यातलं एक अक्षर ती बोलली नव्हती.

"तुझा उद्याचा मोसम गेला," तो लेकाला कसंबसं म्हणाला. "झाडायला एकही गोळी नाही. बारा वर्षांचा असल्यापासून तू पहिला दिवस चुकवला नाहीस."

लीफ बापाच्या शेजारी फळीवर येऊन बसला. त्यानं म्हाताऱ्याचा सुजलेला, तेलानं काळा झालेला हात आपल्या हातात घेतला, मोडायची वस्तू धरावी तसा.

"एल्क कुठं जात नाहीत, बाबा," तो म्हणाला. "आणि मीही इथंच आहे. बघा ना. इथंच बसलोय."

ऑरिननं पाहिलं. दोन्ही डोळे, नाक, कान, दाढीतले पिकू लागलेले केस, सगळं जागच्या जागी होतं. मग त्याला रडू आवरेना आणि त्यानं ते आवरलंही नाही.